नाव लॅक्टेटचं, काम मॅलेटचं: सिक्वेन्स जुळवून जीवाणूंची एन्झाइम कशी ओळखायची

मातीतून वेगळा केलेला एक जीवाणू आमच्याकडे होता. त्याचा जीनोम वाचून झाला होता आणि प्रश्न साधा होता: हा लॅक्टिक आम्ल बनवतो का? पायरुव्हेटपासून लॅक्टिक आम्ल (लॅक्टेट) बनवणारं एन्झाइम म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. बॅसिलसच्या या एन्झाइमचा सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, घेतला, ब्लास्ट या सिक्वेन्स जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला लावला, आणि पहिल्याच ओळीत दणदणीत जुळणी आली. मी त्या जनुकावर 'लॅक्टेट डिहायड्रोजिनेज' अशी चिठ्ठी लावून मोकळा झालो. प्रथिन तयार करून शुद्ध करण्यात तीन आठवडे गेले. क्युवेटमध्ये, म्हणजे प्रकाशशोषण मोजायच्या छोट्या भांड्यात, पायरुव्हेट टाकलं, तर ३४० नॅनोमीटरचा आकडा (अभिक्रिया झाली की हा उतरतो) जागचा हलेना.

ते मॅलेट डिहायड्रोजिनेज होतं, म्हणजे मॅलेट आणि ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट यांची अदलाबदल करणारं एन्झाइम. त्या जीवाणूकडे लॅक्टेटचं एन्झाइम नव्हतंच, म्हणून ब्लास्टनं त्याचा सख्खा चुलतभाऊ पुढे केला. आपण विचारलेली वस्तू दुकानात नसली की दुकानदार 'हे घ्या, तसंच आहे' म्हणतो ना, तसं. ब्लास्ट फक्त साम्य दाखवतो. एन्झाइम काय काम करतं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

ते कसं ठरवायचं याच्या पायऱ्या खाली देतो. उदाहरण हेच, लॅक्टेट आणि मॅलेट डिहायड्रोजिनेजच्या जोडीचं. हात बसेपर्यंत स्वतःच्या नव्या जीनोमला हात लावू नका. बॅसिलस सबटिलिस १६८ घ्या. त्याचा जीनोम १९९७ साली प्रसिद्ध झाला, साधारण ४२ लाख बेस जोड्यांचा आहे, प्रथिनं ४,१०० च्या आसपास. उत्तरं माहीत असलेला पेपर आधी सोडवला की आपण कुठे चुकतो ते लगेच कळतं.

आधी प्रश्न नीट लिहा

'लॅक्टेट डिहायड्रोजिनेज शोधायचं आहे' हा अर्धवट प्रश्न आहे. एकट्या ई. कोलायमध्ये या नावाला लायक तीन वेगवेगळी एन्झाइम आहेत. एलडीएच-ए हे पायरुव्हेटपासून डी-लॅक्टेट बनवतं (डी आणि एल ही एकाच रेणूची आरशातल्यासारखी दोन रूपं). डीएलडी डी-लॅक्टेट खातं, एलएलडी-डी एल-लॅक्टेट खातं, आणि दोन्ही इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीकडे देतात. तिघांची घराणी वेगळी. म्हणून कागदावर अभिक्रिया लिहा: कशापासून काय, कुठलं सहएन्झाइम (एन्झाइमला मदत करणारा छोटा रेणू, उदाहरणार्थ एनएडी), डी की एल. शेजारी ईसी क्रमांक, म्हणजे अभिक्रियेनुसार एन्झाइमला दिलेला चार आकड्यांचा क्रमांक, लिहा. एनएडीवर चालणारं एल-लॅक्टेट डिहायड्रोजिनेज म्हणजे १.१.१.२७, त्याचं डी-रूप १.१.१.२८, मॅलेट डिहायड्रोजिनेज १.१.१.३७.

डी आणि एल हा फरक नुसता कागदी नाही. योगर्टच्या विरजणातला लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस डी-लॅक्टिक आम्ल बनवतो, त्याच्याच जोडीनं वाढणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस एल. दोन्ही एन्झाइम पायरुव्हेटच घेतात, पण त्यांचं एकमेकांशी नातं नाही. एकाचा सिक्वेन्स घेऊन दुसरं शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि तुम्ही 'या जीवाणूत हे एन्झाइम नाही' असं लिहून बसाल.

आमिष निवडताना

ज्या सिक्वेन्सनं शोधायचं तो आमिषासारखा. तो कुठून आणता यावर बरंच अवलंबून असतं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसचे दोन भाग आहेत. १९८६ साली सुरू झालेला स्विस-प्रॉट माणसांनी तपासलेला आहे, त्यात साडेपाच लाखांहून जास्त नोंदी आहेत. ट्रेंबल मात्र यंत्रानं भरलेलं, कोट्यवधी नोंदींचं गोदाम आहे. तिथली नावं बहुतेक वेळा साम्यावरूनच चिकटवलेली असतात. एकानं चुकीचं नाव लावलं, दुसऱ्यानं त्यावरून उतरवलं, तिसऱ्यानं दुसऱ्यावरून. वर्गात एकाच्या वहीतली चूक सगळ्यांच्या वहीत जाते तशातली गत.

म्हणून आमिष स्विस-प्रॉटमधलंच घ्या. तिथेही नोंद उघडून बघा की अभिक्रियेपुढे प्रयोगाचा पुरावा दिलाय, की 'साम्यावरून' एवढंच लिहिलंय. एका आमिषावर थांबू नका. आमच्या उदाहरणासाठी निदान चार हवीत: ई. कोलायचं मॅलेट डिहायड्रोजिनेज, बॅसिलस सबटिलिसचं मॅलेट डिहायड्रोजिनेज, त्याच बॅसिलसचं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, आणि ई. कोलायचं एलडीएच-ए. जे शोधायचंय त्याच्यासोबत जे नकोय तेही आमिष म्हणून लावायचं, ही युक्ती मला तीन आठवडे वाया घालवल्यावर सुचली.

ब्लास्ट चालवताना

प्रथिनाची तुलना प्रथिनाशीच करा. डीएनएची तुलना जवळच्या नात्यातच चालते. दूरच्या नात्यात डीएनए पार बदललेला असतो, पण अमिनो आम्लांचा स्वभाव टिकून असतो. तुमच्या जीनोममधल्या सगळ्या प्रथिनांची फास्टा फाइल (सिक्वेन्सची साधी मजकूर फाइल) घ्या, ब्लास्टसोबत येणाऱ्या मेकब्लास्टडीबीनं तिचा डेटाबेस बनवा आणि ब्लास्ट-पी (प्रथिनांसाठीचा ब्लास्ट) चालवा. अमिनो आम्लांच्या जोड्यांना गुण देणारं मॅट्रिक्स म्हणून ब्लोसम ६२ आपोआप लागतं, तेच राहू द्या.

दोन जागी हमखास गोची होते. निकाल तक्त्याच्या रूपात मागवला, म्हणजे फॉरमॅट ६, तर ठरलेल्या १२ रकान्यांत कव्हरेज नसतं. क्वेरीचा, म्हणजे आमिषाचा, किती भाग जुळला हा रकाना नाव घेऊन वेगळा मागावा लागतो. आणि 'जास्तीत जास्त किती जुळण्या' या पर्यायात १ लिहू नका. पुष्कळ जण एकच उत्तम जुळणी हवी म्हणून तसं करतात, पण ती मर्यादा शोध चालू असतानाच लागू होते, त्यामुळे मिळेल ती सर्वांत चांगलीच असेल याची हमी नाही. सगळं मागवा आणि गाळायचं ते नंतर गाळा.

आकडे वाचायचे कसे

ई-व्हॅल्यू म्हणजे 'एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये निव्वळ योगायोगानं अशा किती जुळण्या मिळाल्या असत्या'. हिशेब सोपा आहे: क्वेरीची लांबी गुणिले डेटाबेसची लांबी, भागिले २ चा बिट स्कोअर (जुळणीचे गुण) इतका घात. हा हिशेब एकदा हातानं करून बघाच. क्वेरी ३१२ अमिनो आम्लांची, डेटाबेस १२ लाखांचा, बिट स्कोअर ५०. उत्तर येतं सुमारे ०.००००००३३. आता तीच जुळणी हजारपट मोठ्या डेटाबेसमध्ये मिळाली असं समजा. बिट स्कोअर तोच, पण ई-व्हॅल्यू ०.०००३३. जुळणीत काडीचा फरक नाही, आकडा मात्र हजारपट बदलला. म्हणून दोन वेगवेगळ्या डेटाबेसमधल्या ई-व्हॅल्यूंची तुलना करू नका, बिट स्कोअरची करा.

दुसरं म्हणजे ई-व्हॅल्यू नातं सांगते, काम सांगत नाही. १० चा उणे ८० वा घात पाहून 'एन्झाइम सापडलं' म्हणणं म्हणजे आडनाव जुळलं म्हणून धंदाही तोच असणार असं धरून चालण्यासारखं आहे.

साम्याच्या टक्केवारीचं असं आहे: पूर्ण लांबीभर ६० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर ईसीचे चारही आकडे जुळण्याची शक्यता चांगली. ४० च्या आसपास पहिल्या तीन आकड्यांवर, म्हणजे अभिक्रियेच्या प्रकारावर, बऱ्यापैकी विसंबता येतं, पण सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) कुठला हे सांगता येत नाही. २० ते ३५ हा संधिप्रकाश. तिथे नातं आहे की भास, हेसुद्धा वेगळं सिद्ध करावं लागतं. हे ठोकताळे आहेत, आणि आपली जोडी त्यांना कशी हुलकावणी देते ते पुढे येईलच.

कव्हरेज दोन्ही बाजूंनी बघा: क्वेरीचा किती भाग जुळला आणि सापडलेल्या प्रथिनाचा किती. एक डोमेन (प्रथिनाचा स्वतंत्र घडी घालणारा भाग) जुळलं आणि बाकीचं प्रथिन भलतंच निघालं, असं एनएडी पकडणाऱ्या एन्झाइममध्ये सारखं होतं. ८० टक्क्यांच्या खाली आलं की मी थांबून लांबी तपासतो. ३१२ अपेक्षित असताना १८० आलं, तर जनुक काँटिगच्या, म्हणजे जीनोमच्या सलग जोडलेल्या तुकड्याच्या, टोकाला तुटलंय का ते बघायचं. सुरुवातही तपासा. जनुक शोधणारं सॉफ्टवेअर कधीकधी पुढचा स्टार्ट कोडॉन (प्रथिन सुरू होण्याची खूण) धरतं आणि प्रथिनाचं डोकंच उडवतं. या घराण्यात ते पटकन कळतं, कारण एनएडी धरणारी ग्लायसिनची खूण अगदी सुरुवातीला असते. बॅसिलसच्या मॅलेट डिहायड्रोजिनेजमध्ये ती जी-ए-जी-एफ-टी-जी अशी आहे (एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल, जी म्हणजे ग्लायसिन), ई. कोलायच्यात जी-ए-ए-जी-जी-आय-जी. ही खूणच नसेल, तर डीएनएमध्ये थोडं मागे जाऊन पाहा.

उलटा शोध

सापडलेलं प्रथिन आता क्वेरी म्हणून घ्या आणि पूर्ण स्विस-प्रॉटमध्ये टाका. दोन मिनिटांचं काम. पहिल्या जुळण्या तुमच्या आमिषाच्याच ईसी क्रमांकाच्या आल्या तर पुढे चला. दुसऱ्या क्रमांकाच्या आल्या, किंवा दोन क्रमांक खिचडीसारखे मिसळून आले, तर सावध व्हा. माझ्या प्रथिनानं मला इथेच सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

डोमेन घराणं सांगतं, माणूस नाही

डोमेन ओळखणारं इंटरप्रो-स्कॅन चालवलं की पीफॅम या डोमेन-संग्रहातली दोन डोमेन दिसतील: पुढच्या अर्ध्या भागात एनएडी पकडणारं, मागच्या अर्ध्या भागात अभिक्रियेचं. लॅक्टेट असो वा मॅलेट, दोघांनाही तीच दोन डोमेन लागतात, कारण घराणं एकच आहे. म्हणून डोमेनचा निकाल 'घराणं निश्चित' इथवरच धरायचा. एक फायदा मात्र मोठा आहे: एलडीएच-एसारखं वेगळ्या घराण्यातलं प्रथिन इथे लगेच बाजूला पडतं. सिक्वेन्स फार दूरचा असेल तर ब्लास्टपेक्षा एचएमएमईआर जास्त तीक्ष्ण नजरेचं, कारण ते एका सिक्वेन्सऐवजी सगळ्या घराण्याच्या प्रोफाइलशी तुलना करतं.

अलाइनमेंटमधला एक रकाना

आता मुद्द्याचं. इथे घाई करू नका.

स्विस-प्रॉटमधून पुरावा असलेली आठ-दहा लॅक्टेट आणि आठ-दहा मॅलेट डिहायड्रोजिनेज घ्या. त्यात आपलं प्रथिन घाला, मॅफ्ट किंवा क्लस्टल ओमेगानं अलाइन करा (सारख्या जागा एकाखाली एक येतील असं मांडा) आणि जॅलव्ह्यूमध्ये उघडा. आधी जे सगळ्यांकडे सारखं असायला हवं ते तपासा. ई. कोलायच्या मॅलेट डिहायड्रोजिनेजच्या क्रमांकानं सांगतो: १७७ वर हिस्टिडिन, १५० वर अ‍ॅस्पार्टेट, १५३ वर आर्जिनिन. हिस्टिडिन आणि अ‍ॅस्पार्टेट मिळून प्रोटॉनची देवाणघेवाण करतात, आर्जिनिन सब्स्ट्रेटचं एक टोक धरतं. यातलं एकही हललेलं असेल तर प्रथिन घराण्यातलं असूनही बहुधा हे काम करत नाही.

मग सब्स्ट्रेट ओळखणाऱ्या लूपवर या, म्हणजे सब्स्ट्रेट आत आल्यावर वरून मिटणाऱ्या वळशावर. ई. कोलायच्या मॅलेट डिहायड्रोजिनेजमध्ये तिथे असं आहे:

ए-आर-के-पी-जी-एम-डी-आर

आणि जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेजमध्ये असं:

एन-क्यू-के-पी-जी-ई-टी-आर

एकाखाली एक ठेवा आणि दुसरा रकाना बघा. मॅलेटकडे आर, म्हणजे आर्जिनिन. लॅक्टेटकडे क्यू, म्हणजे ग्लुटामिन. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या रूढ क्रमांकात ही जागा १०२ ची. कारण रसायनात आहे. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट म्हणजे पायरुव्हेटला एक जादा कार्बोक्सिल जोडलेलं. त्या जादा ऋणभाराला धरायला धनभाराचं आर्जिनिन लागतं. पायरुव्हेटला तिथे भार नको असतो, ग्लुटामिनवर भागतं.

१९८८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी नेमका हाच एक बदल करून पाहिला. जिओबॅसिलसच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेजमधलं १०२ वरचं ग्लुटामिन काढून तिथे आर्जिनिन बसवलं. तीनशेच्या वर अमिनो आम्लांपैकी एक बदललं, आणि एन्झाइम मॅलेट डिहायड्रोजिनेज झालं. पसंती पायरुव्हेटकडून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटकडे साधारण एक कोटी पटींनी फिरली. आता टक्केवारीचा हिशेब करा. मूळ आणि बदललेलं, दोघांत ९९ टक्क्यांहून जास्त साम्य. ६० टक्क्यांचा ठोकताळा इथे सपशेल आपटतो.

एका रकान्यावर खटला चालवायचा नसेल तर दुसरा साक्षीदार आहे. अभिक्रियेच्या हिस्टिडिनच्या लगेच आधी लॅक्टेट डिहायड्रोजिनेजमध्ये बहुधा ग्लुटामेट असतं, जी-ई-एच-जी असं. बॅसिलसच्या मॅलेट डिहायड्रोजिनेजमध्ये तिथे ग्लायसिन आहे, जी-जी-एच-जी. माझ्या प्रथिनात लूपवर आर होतं आणि हिस्टिडिनआधी ग्लायसिन. दोन्ही साक्षीदार एकच सांगत होते.

आणि १०२ वर ना आर, ना क्यू, तिसरंच काही निघालं तर? मग ते तिसरं एन्झाइम असू शकतं. लॅक्टोबॅसिलससारख्या जीवाणूंच्या गोतावळ्यात याच घराण्यातली हायड्रॉक्सी-आयसोकॅप्रोएट डिहायड्रोजिनेज सापडतात. ती पायरुव्हेटपेक्षा लांब शेपटीचे सब्स्ट्रेट घेतात. अशा वेळी 'लॅक्टेट/मॅलेट डिहायड्रोजिनेज घराण्यातलं प्रथिन' एवढंच लिहावं. त्यात कमीपणा नाही.

याच अलाइनमेंटवरून आयक्यू-ट्रीनं एक वंशवृक्ष काढून घ्या. त्यात एक गंमत दिसेल: बॅसिलसचं मॅलेट डिहायड्रोजिनेज ई. कोलायच्या मॅलेट डिहायड्रोजिनेजपेक्षा लॅक्टेट डिहायड्रोजिनेजांच्या जवळ बसतं. स्विस-प्रॉटही त्यांना मॅलेट डिहायड्रोजिनेजचे वेगवेगळे प्रकार मानतो, ई. कोलायचं पहिला आणि बॅसिलसचं तिसरा. माझा घोटाळा का झाला ते या झाडात उघड दिसतं.

शेजारी कोण राहतं

जीवाणूंमध्ये एका कामाची जनुकं बहुधा एका ओळीत, एका ऑपेरॉनमध्ये असतात. म्हणून जीनोम ब्राउझरमध्ये आपल्या जनुकाच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच जनुकं बघा. बॅसिलस सबटिलिसमध्ये मॅलेट डिहायड्रोजिनेजचं जनुक सायट्रेट सिंथेज आणि आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेजच्या मागोमाग येतं, म्हणजे क्रेब्स चक्रातली तीन एन्झाइम एका ओळीत. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या शेजारी मात्र लॅक्टेट पेशीच्या आतबाहेर नेणारं परमिएज आहे. शेजार पाहिला की सिक्वेन्स न बघताही अर्धं उत्तर मिळतं. दूरच्या जीवाणूंत शेजार बदललेला असतो. तेव्हा शेजार जुळला तर पुरावा धरा, न जुळला तर त्यावरून काही ठरवू नका.

वाट तुटलेली दिसली तर

सगळी एन्झाइम केग या डेटाबेसच्या चयापचयाच्या नकाशावर मांडली की मध्येच एखादी पायरी रिकामी दिसते. लगेच 'हे चक्र अपूर्ण आहे' असं लिहू नका. हेलिकोबॅक्टर पायलोरीचं उदाहरण घ्या. त्याच्याकडे एनएडीवर चालणारं मॅलेट डिहायड्रोजिनेज सापडत नाही, पण मॅलेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट बनतं. ते काम मॅलेट-क्विनोन ऑक्सिडोरिडक्टेज करतं, जे संपूर्ण वेगळ्या घराण्यातलं आहे. म्हणून रिकाम्या पायरीसाठी आधी 'हेच काम करणारी दुसरी घराणी कुठली' याची यादी करा आणि त्यांची आमिषं लावा. तरीही हाती काही नाही, तर अल्फाफोल्डनं भाकीत केलेल्या प्रथिनांच्या रचना घेऊन फोल्डसीकनं आकारावर शोधता येतं. सिक्वेन्समधून पुसलेलं नातं आकारात कधीकधी शिल्लक असतं.

खात्री किती, तेही लिहा

माझ्या तक्त्यात आता प्रत्येक एन्झाइमपुढे नावासोबत चार रकाने असतात: उलटा शोध जुळला का, कळीची अमिनो आम्लं जागेवर आहेत का, शेजार काय म्हणतो, आणि प्रयोग झालाय का. पहिले तीन 'हो' असतील तर नाव आणि चारही आकड्यांचा ईसी क्रमांक. कळीच्या जागा तपासल्या नसतील तर १.१.१ पर्यंतच थांबायचं आणि पुढे रेघ. विद्यार्थ्यांना ती रेघ अपुरेपणाची वाटते. दुसऱ्याच्या वहीत चुकीचं नाव जाण्यापेक्षा ती बरी.

टेबलावर

प्रयोग करायचाच असेल तर दोन्ही सब्स्ट्रेट एकाच दिवशी, एकाच एन्झाइमवर तपासा. एनएडीएच (एनएडीचं इलेक्ट्रॉन घेतलेलं रूप) ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, त्याचा मोलर गुणांक ६,२२० आहे. अभिक्रिया झाली की आकडा उतरतो. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज असेल आणि तरीही हलत नसेल, तर फ्रुक्टोज १,६-बिसफॉस्फेट घालून बघा, कारण अनेक जीवाणूंचं हे एन्झाइम त्याशिवाय सुस्त असतं. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट नेहमी ताजं बनवा, बर्फावर ठेवा आणि तासाभरात वापरा. पाण्यात ते आपोआप कार्बन डायऑक्साइड सोडून पायरुव्हेट होतं, आणि कालच्या बाटलीतलं वापरलं तर लॅक्टेट डिहायड्रोजिनेजसुद्धा मॅलेटचं काम करताना 'दिसतं'.

चौथ्या आठवड्यात मी तेच प्रथिन पुन्हा काढलं, नुकतंच विरघळवलेलं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट टाकलं आणि क्युवेट आत ढकलली. आकडा ०.८ वरून असा उतरला की नोंद घ्यायला हात पुरेना. चिठ्ठी बदलली, आणि फास्टा फाइलमधलं नावही.